तुटलेला संवाद : मृतांसाठीची प्रार्थना आणि १५४७चे इंग्लंड

१/
३० डिसेंबर १५४६. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्युपत्रावर ही तारीख आहे. रोमच्या पोपशी संबंध तोडणारा, शेकडो मठ बरखास्त करणारा हा राजा अखेरच्या आजारात आपल्या आत्म्याच्या काळजीत होता. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलला वर्षाला ६०० पौंड उत्पन्नाच्या जमिनी द्याव्यात, असे त्याने या मृत्युपत्रात लिहविले. मोबदल्यात तेथील धर्मगुरूंनी जगाच्या अंतापर्यंत त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करावी, वर्षातून चार वेळा त्याचा स्मृतिविधी करावा आणि गरिबांना दान द्यावे, अशी त्याची आज्ञा होती.

२/
२८ जानेवारी १५४७ रोजी हेन्री वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याचा दहा वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर असताना, पार्लमेंटने एक कायदा केला. मृतांच्या मिस्सांसाठी देशभरातील लोकांनी दिलेल्या जमिनी आणि संपत्ती त्या कायद्याने राजाच्या खजिन्यात जमा झाली. विंडसरचे चॅपल कायद्यातून वगळले गेले. पण १५४९मध्ये लॅटिन मिस्साच बंद करण्यात आली. बापाने जगाच्या अंतापर्यंत मागितलेली प्रार्थना मुलाच्या राज्यात अडीच वर्षेही टिकली नाही.

३/
हा कायदा समजून घ्यायचा, तर आधी ती श्रद्धा समजून घ्यावी लागते. कॅथलिक शिकवणुकीनुसार देवाच्या कृपेत मरण आलेला, परंतु पूर्णपणे शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्धीच्या अवस्थेतून जातो. तिला पर्गेटरी म्हणजे शुद्धिस्थान म्हणतात. हा नरक नव्हे. तेथील प्रत्येक आत्म्याचा स्वर्ग निश्चित आहे. प्रश्न फक्त वाटेचा आहे. त्या वाटेवर आत्मा स्वतःसाठी फारसे काही करू शकत नाही. मात्र पृथ्वीवरचे लोक प्रार्थना, दान आणि विशेषतः मिस्सा यांद्वारे त्याला साहाय्य करू शकतात.

४/
या विचाराच्या मुळाशी एक मोठी कल्पना आहे. पृथ्वीवरील श्रद्धावंत, शुद्धिस्थानातील आत्मे आणि स्वर्गातील संत हे सर्व मिळून एकच समाज होय. मृत्यूने माणूस या समाजातून बाहेर पडत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. म्हणून जिवंतांची मृतांप्रति कर्तव्ये उरतात, आणि स्वर्गात पोहोचलेले आत्मे जिवंतांसाठी देवाजवळ रदबदली करतात.

५/
या श्रद्धेची मुळे मध्ययुगाच्या बरीच आधीची आहेत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहुदी सेनानी यहुदा मक्काबी याची एक हकीकत येते. युद्धात पडलेल्या त्याच्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडले. तेव्हा त्याने वर्गणी काढून चांदीचे सुमारे २,००० द्राख्मा जेरुसलेमला पाठवले, मृतांच्या पापासाठी बली अर्पण व्हावा म्हणून. कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ आहे. प्रॉटेस्टंटांनी तो प्रमाण मानला नाही. पुढच्या वादात ही गोष्ट कळीची ठरली.

६/
इ.स. २०३मध्ये कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ ही तरुण ख्रिस्ती आई मृत्युदंडाची वाट पाहत होती. वयाच्या सातव्या वर्षी चेहऱ्याच्या रोगाने वारलेला तिचा भाऊ दिनोक्रातीस तिला स्वप्नात दिसला : तहानलेला, आणि पाण्याच्या कुंडाची कड त्याच्या उंचीबाहेर. तिने रात्रंदिवस त्याच्यासाठी प्रार्थना केली. पुढच्या स्वप्नात ती कड खाली आली होती. मुलगा पाणी पिऊन खेळायला धावला. इ.स. ३८७मध्ये संत ऑगस्टीनची आई मोनिका ऑस्तिया येथे मरण पावली. देह कोठेही पुरा, पण वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे मागणे होते.

७/
सुमारे इ.स. १०००च्या आगेमागे फ्रान्समधील क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने आपल्या अखत्यारीतील मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी सर्व संतांचा सण असे; त्याला जोडून ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांचाही दिवस आला. क्लुनीच्या मठांतून ही प्रथा युरोपभर पसरली. वसईत आणि गोव्यात आजही २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. त्या प्रथेची सुरुवात या ओदिलोपाशी पोहोचते.

८/
प्रार्थना जुनी असली, तरी ‘पर्गेटरी’ हे नाम मात्र तुलनेने नवे आहे. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की शुद्धीच्या अवस्थेला एका स्थानाचे नाव बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. १२७४च्या लिआँ आणि १४३९च्या फ्लोरेन्स येथील धर्मपरिषदांनी या शिकवणुकीला अधिकृत रूप दिले. परिषदांची भाषा संयमी होती. ज्वाळांची आणि यातनांची तपशीलवार चित्रे रंगवली ती प्रवचनकारांनी, चित्रकारांनी आणि कवींनी.

९/
आता पुन्हा इंग्लंडकडे. मध्ययुगाच्या अखेरीस तेथे या श्रद्धेभोवती एक संपूर्ण व्यवस्था उभी होती. तिचा कणा म्हणजे चँट्री. गाणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, कारण मिस्सा गाइली जात असे. एखादा धनिक जमीन दान देई. तिच्या खंडातून एका धर्मगुरूचे वेतन भागे. तो ठरलेल्या वेदीवर रोज दात्यासाठी, त्याच्या आप्तांसाठी आणि ‘सर्व ख्रिस्ती आत्म्यांसाठी’ मिस्सा अर्पण करी. असे अनेक धर्मगुरू गावातील मुलांनाही शिकवत आणि मुख्य चर्चच्या कामात हातभार लावत.

१०/
ज्यांना कायमची चँट्री परवडत नसे, ते ठरावीक मिस्सा सांगत. त्यांत तीस मिस्सांच्या मालिकेला मोठा मान होता. तिचा आधार सहाव्या शतकातील पोप थोरला ग्रेगरी याने सांगितलेली एक कथा : तीन सुवर्णनाणी लपवून ठेवणारा मठवासी मेला, त्याच्यासाठी सलग तीस दिवस मिस्सा झाली आणि त्याची सुटका झाली. दुसऱ्या टोकाला राजे होते. हेन्रीचा बाप सातवा हेन्री याने आपल्या मृत्युपत्रात १०,००० मिस्सा मागितल्या होत्या.

११/
ऑक्सफर्डचे ऑल सोल्स कॉलेज याच जगाचे अपत्य आहे. १४३८मध्ये आर्चबिशप हेन्री चिचेली आणि राजा सहावा हेन्री यांनी ते स्थापन केले. पाचवा हेन्री आणि फ्रान्सबरोबरच्या दीर्घ युद्धात पडलेले इंग्रज यांच्या आत्म्यांसाठी तेथील विद्वानांनी प्रार्थना करावी, हे त्यांचे एक मुख्य कर्तव्य होते. अध्ययन आणि मृतांचे स्मरण ही दोन्ही कामे एकाच छताखाली चालत. कॉलेज टिकले, त्याचे नावही टिकले. ते कर्तव्य मात्र पुढे संपले.

१२/
ही व्यवस्था केवळ धनिकांचीच होती का? धर्मग्रामातील दिवंगत उपकारकर्त्यांच्या नावांची एक यादी असे. तिला ‘बीड-रोल’ म्हणत. चर्चमध्ये ती वाचली जाई आणि जमलेले लोक त्या नावांसाठी प्रार्थना करत. थोड्या रकमेत या यादीत नाव लागे. ‘बीड’ म्हणजे प्रार्थना. जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता हाच शब्द मण्यासाठी रूढ झाला. इंग्रजीत आज मण्याला ‘बीड’ म्हणतात, त्याचे मूळ हे आहे.

१३/
सामान्य लोकांचा दुसरा आधार म्हणजे धर्मसंघ. वर्गणी भरणाऱ्याच्या अंत्यविधीला संघाचे लोक जमत आणि पुढेही त्याच्यासाठी प्रार्थना करत. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावचा ‘पवित्र क्रूसाचा संघ’ शाळा, वृद्धांसाठी घरे आणि स्वतःचे चॅपल चालवत असे. त्याच्या सभासद-वहीत मृतांचीही नोंद होई. हयात नातलग पैसे भरत आणि गेलेला आई-बाप संघाचा सभासद होई. मृत माणूस समाजाचा घटक असतो, ही कल्पना येथे हिशेबाच्या वहीत उतरलेली दिसते.

१४/
भाषेतही या विधीच्या खुणा राहिल्या. मृतांसाठीच्या सायंप्रार्थनेतील पहिला लॅटिन शब्द होता ‘प्लासेबो’, म्हणजे ‘मी संतुष्ट करीन’. अंत्यविधीत लाभासाठी हे गाणाऱ्यांवरून खुशमस्कऱ्याला ते नाव पडले. चॉसरच्या एका कथेतील तोंडपुज्या भावाचे नाव प्लासेबो आहे. पुढे वैद्यकाने रुग्णाच्या केवळ समाधानासाठी दिलेल्या औषधासाठी तोच शब्द घेतला. पहाटेच्या प्रार्थनेचा पहिला शब्द होता ‘दिरिगे’. त्यापासून शोकगीताला इंग्रजीत ‘डर्ज’ हे नाव मिळाले.

१५/
या व्यवस्थेत पैसा होता, आणि पैशाबरोबर विकृतीही आली. चर्च देत असलेल्या ‘इंडल्जन्स’ना शालेय पुस्तकांत पापमुक्तिपत्रे म्हटले जाते, शिकवणुकीनुसार मात्र ती पापाची क्षमा नव्हे, तर क्षमा झालेल्या पापाबद्दल उरलेल्या शिक्षेत सूट होती. १४७६मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने ही सूट शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही लागू होऊ शकते, असे जाहीर केले. चाळीस वर्षांनी जर्मनीत योहान टेट्झेल रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी ती विकत फिरत होता. १५१७मध्ये मार्टिन ल्युथरने ९५ प्रबंध मांडले ते याविरुद्ध. तेव्हा त्याने शुद्धिस्थान नाकारले नव्हते. नकार पुढे आला.

१६/
ल्युथरने एक बोचरा प्रश्न नोंदवला होता : पोपला आत्मे सोडवण्याचा अधिकार असेल, तर तो पैशासाठी नव्हे, प्रेमापोटी सर्वांनाच का सोडवत नाही? १५२९च्या सुमारास इंग्लंडमध्ये सायमन फिश याने हाच मुद्दा ‘भिकाऱ्यांचे गाऱ्हाणे’ अशा अर्थाच्या पुस्तिकेत मांडला. देशातील भुकेल्यांच्या तोंडचा घास धर्मगुरू मृतांच्या नावाने पळवतात, शुद्धिस्थान ही त्यांच्या लोभाने रचलेली कल्पना आहे, असा त्याचा आरोप होता. फिशच्या शब्दांत अतिशयोक्ती होती. त्यामागील भूक मात्र खरी होती.

१७/
सर टॉमस मोर याने त्याच वर्षी उत्तर दिले. त्याच्या ग्रंथात बोलतात ते शुद्धिस्थानातील आत्मे स्वतः. आम्ही तुमचे आई-बाप, तुमचे पती, तुमचे मित्र. आम्हाला विसरू नका, असा त्यांचा आक्रोश आहे. मोरचा मुद्दा असा : भिकारी डोळ्यांना दिसतो, मृत दिसत नाहीत, म्हणून जगातील सर्वांत असहाय गरीब तेच. दोघेही गरिबांच्या बाजूने बोलत होते. वाद होता तो गरीब कोणाला म्हणायचे याचा. राजाला चर्चप्रमुख मानण्यास नकार दिल्याने १५३५मध्ये मोरचा शिरच्छेद झाला.

१८/
१५४५मध्ये युद्धखर्चाने जेरीस आलेल्या आठव्या हेन्रीने चँट्र्यांची संपत्ती घेण्याचा अधिकार मिळवला, पण त्या श्रद्धेला हात लावला नाही. १५४७चा कायदा वेगळा होता. शुद्धिस्थान आणि मृतांसाठीच्या मिस्सा या भ्रामक समजुती असल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिले होते. राज्याचे अधिकारी गावोगाव गेले. जमिनी, चांदीची पात्रे, घंटा, वस्त्रे यांच्या याद्या झाल्या. दोन हजारांहून अधिक चँट्र्या बंद पडल्या. धर्मगुरूंना निवृत्तिवेतन मिळाले. शाळा काढण्याचे आश्वासन कायद्यात होते. संपत्तीचा बराच भाग मात्र विकला गेला.

१९/
यात फक्त वेद्या गेल्या नाहीत. स्मृतिदिनी गरिबांना मिळणारी भाकरी आणि नाणी गेली, शिकवणारे धर्मगुरू गेले, संघांच्या ठेवी गेल्या. मृत्युपत्रांतून लोक रस्ते आणि पूल दुरुस्त करण्यासाठी पैसे ठेवत, कारण पुलावरून जाणारा वाटसरू दात्यासाठी प्रार्थना करील, अशी आशा असे. फिशला वाटले होते, की मृतांवरचा खर्च थांबला की तो भिकाऱ्यांकडे वळेल. प्रत्यक्षात जमिनींचा मोठा वाटा दरबारी आणि खरेदीदार यांच्या हाती गेला.

२०/
सर्वांत खोल बदल मात्र व्याकरणात दिसतो. १५४९च्या नव्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात, दफनाच्या वेळी, धर्मगुरू अजून मृताकडे वळून त्यालाच ‘तू’ म्हणून संबोधत असे आणि त्याचा आत्मा देवाच्या हाती सोपवत असे. १५५२च्या सुधारित ग्रंथात हे संबोधन नाहीसे झाले. आता धर्मगुरू भोवतीच्या जिवंतांशी बोलतो. मृत हा ‘तो’ झाला. या बदलाकडे लक्ष वेधले ते इतिहासकार ईमन डफी यांनी. एका पिढीच्या डोळ्यांदेखत मृत माणूस संवादातून बाहेर पडला.

२१/
लोकांनी हे सहज स्वीकारले नाही. १५४९च्या उन्हाळ्यात डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड उसळले. बंडखोरांच्या मागण्यांत एक कलम असे होते, की प्रत्येक धर्मगुरूने पूर्वजांच्या रीतीप्रमाणे शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी नावानिशी प्रार्थना करावी. त्यांनी एक्सेटर शहराला वेढा घातला. ऑगस्टमध्ये राजाच्या सैन्याने बंड चिरडले. हजारो माणसे मारली गेली. नावे घेण्याचा हक्क मागणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.

२२/
स्ट्रॅटफर्डचा संघही १५४७मध्ये संपला. १५५३मध्ये राजाच्या सनदेने गावाला शाळा परत मिळाली. चॅपलच्या कमानीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र होते. १५६३-६४च्या हिशेबात चॅपलमधील चित्रे विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. ते चित्र चुन्याखाली गेले आणि १८०४मध्ये पुन्हा उजेडात आले. तो हिशेब ठेवणारा गावचा अधिकारी होता जॉन शेक्सपिअर. त्याचा मुलगा विल्यम १५६४च्या एप्रिलमध्ये जन्मला.

२३/
१५९६मध्ये विल्यमचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट वारला. त्याचे दफन झाले तेव्हा लागू असलेल्या विधीत मृतासाठी मिस्सा नव्हती. १६००च्या सुमारास ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आले. त्यात एक मृत बाप शुद्धीच्या ज्वाळांतून येऊन मुलाकडे आठवणीची याचना करतो. मुलगा मात्र शिकतो ल्युथरच्या विटेनबर्गमध्ये. जुन्या जगातील बापाने मिस्सा मागितली असती. हा बाप सूड मागतो. स्टीफन ग्रीनब्लॅट या अभ्यासकाने या नाटकात चँट्र्यांच्या अंताचे पडसाद ऐकले आहेत.

२४/
कॅथलिक चर्चनेही आत्मपरीक्षण केले. डिसेंबर १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना प्रार्थनेचे साहाय्य होते, ही शिकवण पुन्हा ठामपणे सांगितली. त्याच ठरावात बिशपांना आज्ञा होती, की नुसते कुतूहल, अंधश्रद्धा आणि किळसवाणा पैशाचा लोभ ज्यात आहे ते सर्व थांबवावे. टीकाकारांचे म्हणणे एवढ्यापुरते ऐकले गेले होते; तोवर युरोप दुभंगला होता.

२५/
या कहाणीचा एक धागा मराठीपर्यंत येतो. चँट्र्या बंद पडल्यानंतर दोनेक वर्षांनी, १५४९च्या सुमारास, विल्टशायरमध्ये थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. रोममध्ये तो येशूसंघी झाला आणि १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. १६१६मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता तो हाच. रोमन मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत मृतांची नावे घेण्याची जागा असते. १५८५पासून इंग्लंडमध्ये येशूसंघी धर्मगुरूने नुसते राहणे हाही राजद्रोह होता. जन्मभूमीत निषिद्ध असलेली ती प्रार्थना स्टीफन्स साष्टीत उघडपणे म्हणू शकत होता.

२६/
मात्र त्याच साष्टीतील मंदिरे पोर्तुगीज सत्तेने १५६७मध्ये पाडली होती. ख्रिस्ती झालेल्या घरांनी पितरांचे जुने विधी करणे हा तेथे गुन्हा ठरत होता. डेव्हनच्या शेतकऱ्याला जे राजाने नाकारले, तेच साष्टीच्या शेतकऱ्याला चर्च आणि राज्य मिळून नाकारत होते. पूर्वजांचे स्मरण कोणत्या शब्दांत करायचे हे सत्तेने ठरवावे, या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

२७/
१९१५मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, पोप पंधरावा बेनेडिक्ट याने प्रत्येक धर्मगुरूला २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. युद्धातील असंख्य मृत्यू हे त्याचे एक कारण. जप्तीमुळे किंवा दुर्लक्षामुळे बंद पडलेल्या जुन्या देणग्यांच्या मिस्सांची उणीव भरून काढणे, हे दुसरे. शतकांपूर्वीच्या मृतांचे देणे एका पोपने आपल्या संस्थेच्या खात्यावर घेतले.

२८/
त्याच युद्धाने इंग्लंडही बदलले. ज्यांचे देहही परत आले नाहीत अशा मुलांच्या आयांना, आता त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही, हे उत्तर पुरेना. अँग्लिकन चर्चच्या सार्वजनिक उपासनेत मृतांसाठीची प्रार्थना हळूहळू परतली. गावोगावी दगडावर नावांच्या याद्या कोरल्या गेल्या, आणि दरवर्षी नोव्हेंबरात त्या मोठ्याने वाचल्या जाऊ लागल्या. त्या वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की अशाच याद्या १५४७पूर्वी त्याच गावांतील चर्चमध्ये वाचल्या जात होत्या.